दुसरी मूठ

चर्चच्या मंडळीनं काढलेल्या पुस्तिकेत तुमच्याबद्दल दोन पानं छापली आहेत आणि त्यातलं एक पान खोटं आहे. कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जीव जळून राहिला आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे, ‘प्रेमळ पिता व कुटुंबवत्सल गृहस्थ’. तो ‘कुटुंबवत्सल’ मी नातीकडून दोनदा वाचून घेतला, माझ्या जिभेला काही वळला नाही. पान उलटलं की लिहिलं आहे, मंडळीच्या नियमापुढे साहेबांनी पोटच्या मुलीचीही गय केली नाही, वेदीपुढे उभं राहून तिचं नाव स्वतः वाचून कमी केलं, असे करारी पाळक आता दिसत नाहीत. एकाच माणसाची ही दोन पानं, पाठीला पाठ लावून, आणि छापणाऱ्याला काही खटकलं नाही. आताचा तरुण पाळक या पुस्तिकेसाठी माझ्याकडे येऊन बसला होता. चहा प्याला, बिस्किटं खाल्ली, मोबाईलमध्ये माझा आवाज भरून घेतला. मी त्याला तांदळाचं सांगितलं, डब्यासकट सांगितलं. तर म्हणतो, “आजी, त्यानं लोकांचं कन्फ्यूजन होईल. चांगलं चांगलं सांगा ना.” मी म्हटलं, “सासऱ्याचं चांगलं ऐकायचं होतं तर सुनेकडे कायले आला बाप्पा?” तो हसला आणि त्यानं तांदूळ वगळून पाहिजे तेवढं छापलं.

मामाजी, नमस्कार मागाहून करीन. आधी हे ऐकून घ्या. मी लिहिते आहे ते त्याच पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानांवर, कारण घरात कागद मागितला तर पोरगा विचारेल, आई तू कोणाला लिहून राहिली. अक्षर तुम्हीच दिलेलं आहे, वाकडंतिकडं दिसलं तर बोल मला लावू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरची अक्षरं बोटानं चाचपल्याशिवाय लागत नाहीत. तुमचा लेकही तुमच्या बाजूला येऊन निजला, सासूबाई तर त्याच्या कितीतरी आधी. पाळकांच्या त्या घरात त्या दिवसांत राहिलेलं माणूस आता मी एकटीच, म्हणून लोक माझ्याकडे येतात.

कामाचं असं आहे. माझी नात, म्हणजे तुमच्या नातवाची पोरगी, येत्या मंगळवारी लग्न करते आहे. कचेरीत. ती इथं गोंदियात दवाखान्यात नर्स आहे. पोरगा नागझिऱ्याला गाईड आहे, सहलीच्या लोकांना जिप्सीत बसवून वाघ दाखवतो, वाघ निघाला नाही तर त्याच्या पावलाचे ठसे दाखवतो. हिंदू आहे. बाप्तिस्मा घेणार नाही म्हणतो आणि तिलाही काही सोड म्हणत नाही. कचेरीत तीन साक्षीदार लागतात. दोन तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी आहेत. तिसरी सही घरच्या माणसाची पाहिजे असं तिनं मनात घेतलं आहे. कायद्याला घरचं माणूस लागत नाही, तिला लागतं. बापाला विचारलं तर माझा पोरगा म्हणाला, आजोबा स्वतःच्या लेकीच्या लग्नाला गेले नाही, मी कोणत्या तोंडानं जाऊ? मंडळीत पंच आहे तो आता. तुमचं नाव पुढं करून दाराला आतून कडी घालून बसला. मग ती माझ्याकडे आली. “आजी, तू येशील का सहीला?” मी म्हटलं, सांगते. तेव्हापासून ती विचारत नाही, नुसती येता जाता माझ्याकडे पाहते. तिला उत्तर देण्याआधी मला तुमच्याशी भांडून घ्यायचं आहे.

भांडण माझ्या स्वतःच्या लग्नापासून सुरू होते. मी दवनीवाड्याची, धानाच्या बांधावर वाढलेली, शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही पाऊस नसेल तेव्हा. गोंदियाच्या राईस मिलमध्ये बायांसोबत धान वाळवायला येत होते आणि तुमचा लेक तिथं काट्यावर बसत होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, आधी शिकेल, मग बाप्तिस्मा, मग लग्न. शिकवणी तुमच्या स्वयंपाकघरात, कारण सासूबाईंना रिकामी बसलेली पोरगी पाहवत नसे. मी सुपात तांदूळ निवडते आहे, तुम्ही उंबरठ्यावर पाय पसरून बसलात, हातात प्रश्नोत्तरीचं पुस्तक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. प्रश्न तुम्ही विचारायचा, उत्तर मी द्यायचं. एकदा मी धडाधडा सगळं पाठ म्हणून दाखवलं तर तुम्ही पुस्तक मिटलंत. “पोपटच पाहिजे असता तर पिंजरा आणला असता. तुझं उत्तर सांग.” मी म्हटलं, “माझं ऐकाल तर बाप्तिस्मा नाही द्याल, जी.” चुलीपाशी सासूबाई फिस्सकन हसल्या. तुम्हीही हसलात, आणि तेवढ्यापुरतं मला वाटलं, या घरात आपलं निभेल.

त्या सुपातला तांदूळ मुठीचा. नव्या लोकांना आता सांगावं लागतं की मंडळीतली प्रत्येक बाई भात टाकताना मापातून एक मूठ बाजूला काढायची, ती गाडग्यात साठवायची आणि रविवारी पदरात बांधून देवळात, म्हणजे आता ज्याला चर्च म्हणतात तिथं, आणायची. वेदीजवळ मोठा टोपला असायचा, त्यात सगळ्यांचा ओतायचा. त्यातलाच पाळकाच्या घरी यायचा. कोणाचा बारीक चिन्नोर, कोणाचा लुचई, कोणाची रेशनची जाडी, कोणाची नुसती तुकड्यांची कनकी. एकाच गंजात शिजायचा आणि कधी धड शिजला नाही. अर्धा गिळगिळीत, अर्धा दाताखाली कटकट करणारा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं माझाच हात वाईट. सासूबाई म्हणाल्या, “नाही वो पोरी, आपल्या घरचा भात असाच असते. साऱ्या गावाचा आहे.” मला तो कधी आवडला नाही. तुमच्या मुलांना दुसरा माहीतच नव्हता.

सही तुम्ही शिकवलीत. अंगठा लावणारी सून माझ्या घरात येणार नाही, असं म्हणालात, आणि पाटीवर माझं नाव लिहून दिलंत. ते मी गिरवत राहिले, गिरवत राहिले, स्वप्नातही गिरवत होते. लग्नाच्या दिवशी वहीत सही करायला मला इतका वेळ लागला की गाणाऱ्या पोरींना तेच गीत पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, नवरी निबंध लिहून राहिली काय. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की त्याला ठसका लागला.

आणि त्याच दिवशी माझा बाप. तो लग्नाला येणार नव्हता. तीन रविवार तुम्ही देवळात आमची पुकार केलीत, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. हरकत दवनीवाड्यात खाटेवर बसली होती, देवळात येऊन कशाला सांगेल? तर तुम्ही सायकल काढली आणि माझ्या बापाच्या आंगणात जाऊन बसलात. काय बोललात ते मला नंतर माझ्या भावानं सांगितलं. तुम्ही देवाचं काही बोललाच नाहीत. त्याच्या बैलांची विचारपूस केलीत, ताक प्यालात, आणि उठताना म्हणालात, “लेकीच्या लग्नाला बाप नसला तर ते तिला मरेपर्यंत आठवते. मग तुमचं माझं काय राहिलं?” लग्नाच्या दिवशी तो आला. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि देवळाच्या पायरीखाली उभा. वर येईना. तुम्ही पांढऱ्या झग्यात वेदीपाशी होतात. सगळी मंडळी उभी, बाजा थांबलेला. तुम्ही वेदीपासून दारापर्यंत चालत आलात, पायऱ्या उतरलात, माझ्या बापाचा हात धरलात आणि त्याला आणून पहिल्या बाकावर सासूबाईंशेजारी बसवलंत. हे पुस्तिकेत नाही. मी आताच्या पाळकाला सांगितलं होतं, तो म्हणाला, जागा नाही.

म्हणून म्हणते, तुम्हाला येत होतं. ज्याला येतच नाही त्याला माफ करता येते.

तुमची लेक माझ्यापेक्षा दोन पावसाळ्यांनी लहान. नवेगाव बांधला मास्तरीण म्हणून लागली आणि तिथंच तळ्याखालच्या एका हिंदू शेतकरी घरातल्या पोरावर तिचं मन बसलं. चांगली माणसं होती, पिढ्यानपिढ्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राबलेली, पाण्याची वाटणी भांडणाशिवाय करणारी. ती सुट्टीत घरी आली आणि स्वयंपाकघरातच तुम्हाला सांगितलं, मी भाजी चिरत होते. तुम्ही म्हणालात, त्यानं शिकावं, बाप्तिस्मा घ्यावा, मी स्वतः लग्न लावीन. ती म्हणाली, “तो नाही घेत, बाबा. आणि मी काही सोडत नाही. वहिनीच्या बापाला तुम्ही हाताला धरून आत आणलं. माझ्या लग्नात कोणी तुम्हाला हाताला धरायला नको, तुम्ही आपले या.” तुम्ही म्हणालात, “तो नुसता बाप होता. मी बाप आहे आणि पाळकही आहे.” तिनं विचारलं, “त्यातलं आधी काय?” मी विळीवरून हात उचलला. साऱ्या गावाला प्रश्न विचारणारा माणूस तुम्ही. उठून बाहेर गेलात आणि सायकलच्या चाकात हवा भरत बसलात. हवा भरलेलीच होती.

तिनं कचेरीत लग्न केलं. आपल्या घरून कोणी गेलं नाही. मग तो रविवार. नियम असा होता की मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचं नाव प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांच्या यादीतून कमी व्हायचं आणि ते पाळकानं सगळ्यांपुढे वाचायचं. तुम्ही आधी दुसऱ्या घरच्या पोरींची नावं वाचली होती. त्यांच्या आया अजून त्याच बाकांवर बसत होत्या. पंच आदल्या दिवशी येऊन म्हणाले, साहेब, तुमच्या घरचं आहे, सेक्रेटरी वाचेल, तुम्ही तेवढा वेळ मागच्या खोलीत बसा. तुम्ही म्हणालात, त्यांच्या वेळी मी वाचलं, माझ्या वेळी दुसरा कशाला? हे पुस्तिकेत छापलं आहे, आणि खरं आहे, मी दाराआड उभी राहून ऐकलं. मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं. बरोबर गोष्ट इतकी वाईट दिसेल हे दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही नाव वाचलंत. बापाच्या नावाच्या जागी तुमचंच नाव, तेही वाचलंत. आवाज हलला नाही. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या, त्यांनी पदर तोंडावर घेतला नाही, उठून गेल्या नाहीत, नुसत्या वेदीच्या मेणबत्तीकडे पाहत राहिल्या. घरी आल्यावर मी भात वाढला. सासूबाईंनी हात लावला नाही. तुम्ही जेवलात. दुसऱ्यांदा भात मागून घेतलात. त्या दुसऱ्या भातासाठी मी तुम्हाला फार दिवस आतल्या आत शिव्या दिल्या.

सासूबाई त्यानंतर फार टिकल्या नाहीत. मग तुम्ही रिटायर झालात आणि ते घर सोडावं लागलं, ते नव्या पाळकाचं. आपण मिलच्या मागच्या दोन खोल्यांत आलो. मुठीचा तांदूळही नव्या पाळकाचा झाला, बरोबरच होतं. तुम्हाला झगा नव्हता, वेदी नव्हती. सकाळी दाढी करून तयार होऊन बसायचात आणि कोणी बोलवायला यायचं नाही. म्हातारा माणूस स्वयंपाकघरात घोटाळायला लागला की बाईच्या डोक्याला ताप, तसा तुम्ही दिलात. मी भाताचं माप घेतलं की तुमचा हात पुढं. आधी एक मूठ, ती मंडळीच्या गाडग्यात. ते मला समजत होतं. मग दुसरी मूठ, ती डालड्याच्या रिकाम्या डब्यात. मी विचारलं, “ही कोणाची, मामाजी?” तुम्ही म्हणालात, “भात कमी पडते काय?” मी म्हटलं, “पडते.” तरी हात थांबला नाही.

डबा भरला की तुम्ही दुपट्ट्यात तांदूळ बांधायचात आणि एसटीनं निघायचात, कोहमाऱ्याला बस बदलून नवेगाव बांधला, लेकीकडे. रिकामा दुपट्टा घेऊन परत. धानवाल्याच्या घरी तांदूळ घेऊन जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या घरी धानाच्या ढोल्या भरलेल्या, आणि तुम्ही रेशनची जाडी, मिलची कनकी, कोणी म्हातारीनं जुन्या ओळखीनं हातावर ठेवलेला चिन्नोर, सगळं एकात एक करून नेत होतात. मी विचारायचे, दिला काय? तुम्ही म्हणायचात, ठेवला. एवढंच.

तुमचा गुडघा सुजला तेव्हा तुमच्या लेकानं मला सोबत पाठवलं. म्हणून मला ते पाहता आलं, नाहीतर मीही पुस्तिकेसारखंच काहीतरी बोलले असते. धान निघालेलं होतं, आंगणभर पसरलेलं. तुमची लेक पायानं धान फिरवते आहे. आपल्याला पाहून थांबली. कुंपणाच्या आत तुम्ही पाऊल टाकलं नाही. हात लांब करून ओट्याच्या कडेला गाठोडं ठेवलंत. ती म्हणाली, “बाबा, आत या.” तुम्ही म्हणालात, बसची वेळ झाली. “पाणी तरी घ्या.” पुन्हा बसची वेळ. बसला कितीतरी अवकाश होता. ती रडली नाही, रोजचंच असल्यासारखं दुपट्टा सोडून तांदूळ सुपात घेतला, दुपट्टा झटकून घडी करून तुमच्या हातात दिला. दोन लेकरं दाराआडून पाहत होती. मोठी ओरडली, “आई, तांदूळवाले बाबा आले.” त्या लेकरांना तुमचं तेवढंच नाव माहीत होतं.

मी आत गेले. तुम्ही मला नको म्हटलं नाही. पाणी प्याले, चुलीपाशी बसले. मी तिला म्हटलं, “कायले घेते वो हे? तुझ्या घरी कोंबड्या याहून चांगला खातात.” ती म्हणाली, “वहिनी, आमचा भात सारखा शिजते. एकेक दाणा सारखा. हा मी वेगळा शिजवते आणि एकटी खाते. अर्धा कच्चा राहते. तसाच पाहिजे मले.” मग म्हणाली, “बाबांना सांगू नको.” मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही आत गेला असता काय? मला नाही वाटत. आत जाऊन जेवलात तर त्या दुसऱ्या पोरींच्या आया तुम्हाला काय म्हणतील, हा हिशेब तुमच्या डोक्यात पक्का होता. आणि तिनं मंडळीपुढे येऊन ‘माझं चुकलं’ म्हणावं याची तुम्ही वाट पाहत होतात. चुकलंच नव्हतं तर म्हणेल कशी? तिच्यातही तुमचंच हाड.

परतताना बसमध्ये मी बोलले. म्हटलं, “मी तिच्या घरचं पाणी प्याले, माझंही नाव वाचायला सांगा नव्या पाळकाला.” बरंच पुढं आल्यावर विचारलंत, “पाणी गोड आहे काय तिच्याकडचं?” मी म्हटलं, “विहिरीचं आहे. जाऊन प्या आणि पाहा.”

पुढं ताप तिच्या डोक्यात चढला आणि निरोप आला तोवर ती गेलेली होती. आपण पोचलो तेव्हा तिला आंगणात ठेवलं होतं. त्या दिवशी तुम्ही कुंपणाच्या आत आलात. आंगणापर्यंत. जावई हात जोडून तुमच्यापुढं आला. बिचारा, त्यानं किती विचार केला असेल. म्हणाला, “बाबा, आमच्यात माहेरच्या माणसानं तोंडात तांदूळ घालायचा असते. तुमचाच ठेवला आहे तिनं, घरात आहे. तो घाला.” सूप आणलं. तुम्ही मूठ घेतलीत. तिच्या डोक्यापाशी वाकलात. आणि मूठ उघडेना. मी तुमच्या बाजूलाच होते, मला दिसत होतं, तुम्ही मनात अर्थ लावत होतात. हा तांदूळ कोणत्या देवाचा, हा विधी कोणाचा, पाळकाच्या हातानं हे होते काय. लोक थांबले. कोणीतरी म्हातारा म्हणाला, उशीर होऊन राहिला. जावई तुमच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “राहू द्या, बाबा.” आणि तिला उचललं. तळ्याच्या बाजूला नेलं. तुम्ही तिथंच आंगणात मूठ मिटून उभे राहिलात.

ती मूठ तुम्ही घरी आणलीत. सदऱ्याच्या खिशातून काढून माझ्या भाताच्या मापात टाकलीत. मी काय करणार होते, फेकणार? शिजवला. आपण सगळ्यांनी खाल्ला.

त्यानंतर तुम्ही बसला गेला नाहीत, पण दुसरी मूठ काढणं थांबलं नाही. डबा भरला, वरून सांडायला लागला, तांदळाला सोंडे लागले. एक दिवस मी तो सगळा कोंबड्यांना टाकला. तुम्ही दारात उभे राहून पाहिलंत. मला वाटलं, आता मोकळे व्हाल, ओरडाल तरी. दुसऱ्या दिवशी मी माप घेतलं आणि तुमचा हात पुन्हा पुढं. तसाच, मरेपर्यंत. तुमच्या मातीला मोठी गर्दी झाली, पांढऱ्या झग्यांची रांग लागली, भाषणं झाली. जावई आला होता. दोन्ही पोरांना घेऊन फाटकाबाहेर उभा होता, आत यावं की नाही ते न समजून. तुम्ही असता तर जाऊन हात धरला असता, परक्याच्या बापाचा धरला तसा. कोणी गेलं नाही. मी बायांच्या गर्दीतून वाट काढत फाटकापर्यंत गेले तोवर तो निघून गेला होता.

आता सांगा, कोणतं पान खरं? दर महिन्याला जाणारा माणूस आणि आत न जाणारा माणूस, दोन्ही तुम्हीच. मी काल पोराला हेच म्हटलं. “तुझे आजोबा गेले नाही म्हणतो, ते बस बदलून जात होते. दारापर्यंत.”

“मग आत काऊन नाही गेले?”

“ते मी त्यांनाच विचारून राहिली.”

“आई, मी पंच आहे. उद्या दुसऱ्याच्या पोरीची गोष्ट निघेल तेव्हा मी काय बोलू?”

“काही बोलू नको. तेवढं तर जमते ना तुले?”

तो उठून बाहेर गेला आणि मोटारसायकल पुसत बसला. गाडी सकाळीच धुतलेली होती. खिडकीतून त्याची पाठ पाहिली आणि मला तुमची सायकल आठवली, तुमचा पंप आठवला. राग नाही आला मामाजी, भीती वाटली. तोही असाच दारापर्यंत जाणार. पोरीला लेकरू होईल, हा दर महिन्याला पिशवी घेऊन नागझिऱ्याकडे जाईल आणि फाटकाशी ठेवून परत येईल, आणि ते लेकरू त्याला पिशवीवाले बाबा म्हणेल. एका घरात हे एकदा झालं तेवढं बस झालं.

म्हणून मंगळवारी मी जाणार. सही करीन. तुम्ही शिकवलेलीच सही आहे, दुसरी मला येत नाही. कचेरीतल्या माणसाला थांबावं लागेल, थांबू दे. मग पोरीच्या नव्या घरी जाईन, आत जाईन, बसेन, पाणी मागून घेईन.

एक कबूल करते. तुमच्या दुसऱ्या मुठीवरून मी जन्मभर बोलले, आताही बोलले. पण तो डालड्याचा डबा मी कधी भंगारात दिला नाही, आणि ती पोरगी त्या पोराला पहिल्यांदा चहाला घेऊन आली त्या दिवसापासून माझाही हात आपोआप मापात जाऊन राहिला आहे. डबा भरत आला. मंगळवारी सोबत नेईन, तिच्याच गॅसवर शिजवीन, आणि धड शिजला नाही तर दोघांनाही तसाच खायला लावीन. हे पत्र कुठं टाकायचं नाही. पुस्तिकेतच राहील, तुमच्या दोन पानांच्या मागं. नमस्कार घ्या, म्हटलं होतं मागाहून करीन.

आता पुकार मी करते. एकच वेळ करते, तीन रविवार माझ्याकडे नाहीत. मंगळवारच्या लग्नाला तुमच्या तिकडून कोणाची हरकत असेल तर सांगावी. तुम्ही नाही सांगायची. तुम्ही पुष्कळ वाचलं, पुष्कळ विचारलं. उत्तर तुमच्या लेकीनं द्यायचं. ती जिथं असेल तिथं जाऊन तिला विचारा, आणि तिनं आत या म्हटलं तर या वेळी बसची वेळ सांगू नका.